हिरवी इरकल

आमच्या घरात एक आजार असा आला, की तो गल्लीला माहीत होता, गुळाच्या बाजाराला माहीत होता, संकेश्वरच्या पाहुण्यांना माहीत होता. माहीत नव्हता तो फक्त जिला झाला होता तिला. ती माझी आई, शांतव्वा. आमचं मूळ सीमेपलीकडचं, त्यामुळे घरात आईला अव्वा, बापाला अप्पा, भावाला अण्णा म्हणायचं आणि भांडायचं मात्र कोल्हापुरीत.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. अप्पांचा, म्हणजे रुद्राप्पांचा, शाहूपुरीत गुळाचा व्यापार. अण्णा, शशिधर, दुकान बघायचा. मी, दानेश्वरी, विद्यापीठात मानसशास्त्रात एम.ए. करत होते आणि शेवटच्या वर्षाला आरोग्याचं मानसशास्त्र घेतलं होतं. माणूस आजारी पडला की त्याच्या मनात काय चालतं, तो औषध का घेतो, मधेच का सोडतो, डॉक्टरांचं कधी ऐकतो आणि कधी ऐकल्यासारखं करतो, याचा अभ्यास. अण्णाला हा विषय म्हणजे फुकटची करमणूक. जेवताना विचारायचा, "दाने, मनाला ताप आला तर थर्मामीटर कुठं लावायचा ग?" अव्वा त्याच्या ताटात भाकरी आपटायची. "तुझ्या डोस्क्यात लाव." तिचा आवाज गल्लीच्या टोकाला असलेल्या पिठाच्या गिरणीतही ऐकू जायचा, गिरणी चालू असताना.

त्या उन्हाळ्यात चटणीचं कांडप चाललं होतं. अव्वानं प्रेरणा वहिनीला, अण्णाच्या बायकोला, सहज सांगावं तसं सांगितलं की डाव्या छातीत गाठ लागतीय. दुखत नव्हती म्हणून तिनं ती कितीतरी दिवस पदराखाली वागवली होती. मग दवाखाना झाला, तुकडा काढून तपासायला गेला आणि एका दुपारी उत्तर आलं. डॉक्टरांनी दार किलकिलं केलं आणि म्हणाले, "घरातल्या पुरुषांना आत पाठवा." अव्वा बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. अप्पा आणि अण्णा आत गेले. मीही घुसले. देवघरात कुणी चप्पल घालून यावं तसं डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

ते म्हणाले, छातीचा कॅन्सर आहे, पण अजून कुठं पसरलेला नाही. मिरजेला नेऊन लवकर ऑपरेशन करून घ्या, नंतर औषधं चालतील, बरं होण्याची शक्यता चांगली आहे. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पेशंटला सांगू नका. बायका धीर सोडतात. साधी गाठ आहे म्हणा."

"डॉक्टर, अख्खी छाती काढणार आणि साधी गाठ म्हणायचं?" मी विचारलं.

"तुम्ही काय करता?"

"मानसशास्त्र शिकते."

"मग तुम्हाला हे आधी कळायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

रस्त्यात अण्णानं मला बजावलं. आमचे काका असेच गेले होते. त्यांना रोगाचं नाव कळलं आणि पुढच्याच आठवड्यात ते गेले, हे अण्णानं डोळ्यांनी बघितलेलं. काकांचा रोग तेव्हा पार हाडापर्यंत पोचला होता, ते नावानं नव्हे, रोगानं गेले, हे मी किती सांगितलं. अण्णाच्या डोळ्यांत पाणी होतं. रडणाऱ्या माणसाशी मुद्द्याचं बोलून उपयोग नसतो. पण मनातून मी धुमसत होते. चाळीस वर्षं घर ओढलेल्या बाईला तिच्याच अंगातली बातमी द्यायची नाही, हे ठरवणारे आम्ही कोण?

गुपित ठेवायची आमच्या घरची पद्धत न्यारी. अण्णानं संध्याकाळी फोन घेतला आणि एकेकाला शपथ घालून सांगायला सुरुवात केली. "कुणाला सांगू नका, अव्वाला म्हाईत न्हाय." ज्यांना सांगितलं त्यांनी पुढच्यांना शपथा घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्ज फेडण्यासारखं असतं. नाही गेलं तर जन्मभर बोल लागतो. शहाळी, ग्लुकोजची बिस्किटं, मोसंबी घेऊन यायचं, कॉटभोवती गोल बसायचं आणि आजाऱ्यादेखत त्याच आजारानं कोण कोण गेलं ते आठवायचं. शेजारच्या झुंबरबाई या कामात पटाईत. रोगाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलेलं, म्हणून त्या "तसलं" म्हणायच्या. "आमच्या नणंदंला तसलंच झालतं. बिचारी लई गुणाची हुती." अव्वा विचारायची, "तसलं म्हंजे कसलं?" आणि सगळे एकदम हवापाण्यावर बोलायला लागायचे.

माझ्या प्रबंधाचा विषय होता आजारपणातला माणसांचा आधार. सरांनी दिलेल्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता: आजारपणात तुम्हाला किती लोक भेटायला येतात? जितके जास्त, तितका आधार मोठा. त्या हिशेबानं माझी अव्वा कोल्हापुरातली सर्वांत सुखी आजारी बाई होती. प्रत्यक्षात ती दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. एकदा वहिनी शहाळी फोडत होती तेव्हा अव्वानं विचारलं, "साध्या गाठीला एवढी माणसं कशाला ग?" वहिनीनं पुढचं शहाळं फोडायला घेतलं.

मग संकेश्वरहून टेम्पो आला. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी दोड्डव्वा, म्हणजे अव्वाची थोरली बहीण, आणि मागे माहेरचा सगळा गोतावळा. दोड्डव्वा उंबऱ्यातच "अय्यो शिवा, शांता!" म्हणून गळ्यात पडली. अव्वाला हसू आलं. म्हणाली, "आक्का, मी जिती हाय अजून. आदी च्या पी."

आलेल्या पाहुण्याची पिशवी अव्वा स्वतः रिकामी करायची. ही तिची सवय. लुगडी कपाटात, औषधं फळीवर, आणलेला खाऊ स्वयंपाकघरात. त्या दिवशीही दोड्डव्वा हातपाय धुवायला गेली आणि अव्वानं पिशवी उघडली. मी समोर होते. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवीकोरी हिरवी इरकल होती.

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवून पाठवतात. दोड्डव्वानं ते वाईट मनानं आणलं नव्हतं. ऐन वेळी धावाधाव नको, बहिणीच्या शेवटच्या मानात कमी पडायला नको, म्हणून आठवणीनं बाजारात जाऊन पोत बघून आणलं होतं. प्रेमानं माणूस काय काय करतो! अव्वानं घडीवरून हात फिरवला. वर्तमानपत्र होतं तसं गुंडाळलं, पिशवी बंद केली आणि जाऊन झोपली.

संध्याकाळी तिनं कमरेच्या किल्ल्या काढून वहिनीच्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवसापासून ताट परत जायला लागलं. मिरजेची तारीख ठरली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला कुटं न्हेऊ नगासा. जायचंच हाय तर हितनंच जाईन. कापून घेऊन कशाला जाऊ?"

सगळ्यांचे चेहरे उतरले. अण्णानं विनवलं, दोड्डव्वानं पाय धरले, झुंबरबाईंनी जोतिबाचा गुलाल कपाळाला लावला. अव्वा ढिम्म हलली नाही. मी सगळ्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"तिला वाटतंय ती मरायला लागलीय. डॉक्टर म्हणतोय ती बरी होईल. हे तिला कोण सांगणार?"

"सांगतोय की! साधी गाठ हाय म्हणून सांगतोय," अण्णा म्हणाला.

"साध्या गाठीला कुणी माहेरचं लुगडं आणतं?"

दोड्डव्वाच्या हातातली कपबशी खाली पडली. मला वाईट वाटलं, पण थांबले नाही. "खोटं आपलं पकडलं गेलंय. आता खरं सांगितलं तरच ती उठेल. मी सांगते."

"न्हाय सांगायचं." हे अप्पा. अप्पा दिवसातून चार वाक्यं बोलणारा माणूस. "नाव ऐकून तिचं काय बरंवाईट झालं, तर या घरात पाय ठिवायचा न्हाय तू."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं." बाहेरच्या खोलीत गेले, कॉटभोवतीच्या सगळ्यांना उठवलं. "उठा. बास झालं. शहाळी घेऊन बाहेर बसा." एक लांबचे मामा म्हणाले, "अग पोरी, आम्ही पावणं हाय." म्हटलं, "पावणं हाय म्हणूनच हात जोडून सांगते. न्हायतर कसं सांगितलं असतं ते कळलं असतं." दार लावलं आणि आतून कडी घातली.

अव्वा भिंतीकडे तोंड करूनच पडली होती. मी खाली बसले. "अव्वा, तुला काय झालंय असं तुला वाटतं?" हा प्रश्न मी पुस्तकात शिकले होते. औषध द्यायच्या आधी आजाऱ्याला हे विचारावं, कारण माणूस रोगाशी नाही, रोगाच्या आपल्या मनातल्या चित्राशी झगडत असतो. वर्गात मी तो प्रश्न सफाईनं विचारून दाखवला होता. अव्वासमोर मात्र तो मी अडखळत विचारला.

"वाटायचं काय त्यात? आक्कानं लुगडं आणलंय. मी बघितलंय."

"लुगडं आक्कानं आणलंय. डॉक्टरनं न्हाय." मी तिचा खांदा धरला. "अव्वा, तुला कॅन्सर झालाय. छातीचा."

वरचा पंखा कुरकुरत होता. अव्वा हळूहळू वळली. "पुन्यांदा म्हण."

"कॅन्सर."

"मरणार हाय का मी?"

"ऑपरेशन केलंस तर बरी व्हायची शक्यता जास्त हाय. न्हाय केलंस तर त्यानं मरशील. खात्री मी देत न्हाय. कुणीच देणार न्हाय. पर लवकर सापडलाय, अजून पसरला न्हाय, हे डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलंय."

"काय काढणार?"

"डावी छाती. सगळी."

तिनं पदरावरून तिथं हात ठेवला. "तुमा दोघास्नी हिच्यावरच वाढवलंय," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. खोटं कशाला सांगू, मला मरणाची भीती वाटत होती. अण्णा म्हणत होता तसं झालं तर? हिनं आता डोळे फिरवले तर? पुस्तकातलं एकही पान त्या वेळी मदतीला आलं नाही. मी फक्त तिचा हात सोडला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं. "ह्ये शशिधरला म्हाईत हाय?"

"व्हय."

"आक्काला?"

"व्हय."

"झुंबरबाईला?"

"व्हय."

अव्वा उठून बसली. कितीतरी दिवसांनी बसली. "माझ्या छातीत गाठ आन् बातमी संकेश्वरला? मी काय चोरी केलती व्हय? समदी गल्ली येऊन माझं तोंड बघून जाती, आन् मला शहाळी पाजत्यात! मी हितं रोज मराय लागलीय, आन् कुणाच्या तोंडाला सांगायला काय लकवा झालता?" आवाज चढत चढत गिरणीपर्यंत गेला. मला तो आवाज इतका गोड लागला की मी रडता रडता हसले.

बाहेर धावपळ उडाली. अण्णा दार बडवायला लागला. "दाने, दार उघड! काय केलंस तिला?" मग एकदम बडवणं थांबलं आणि अप्पांचा आवाज आला, "शशिधर, मागं हो."

मी कडी काढली. अप्पा दाराला लावून खुर्ची टाकून बसले होते, आमच्याकडे पाठ करून. अण्णा त्यांच्यासमोर, मागे सगळे पाहुणे. "तिचा आवाज ऐकला न्हवं?" अप्पा त्याला म्हणत होते. "मग झालं तर. तिचं बोलून हुईपतोर हितनं कोण आत जाणार न्हाय." मग मान न वळवता मला विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

चांगलं केलंस, असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. अप्पा म्हणाले, "तिला भूक लागली असंल." आणि खरंच आतून आरोळी आली की भाकरी टाका आणि खर्डा जरा तिखट करा, आजाऱ्याचं जेवण नको.

मिरजेला निघायच्या सकाळी दारात गाडी उभी होती. पाहुणे हटले नव्हते. उलट निरोपाला आणखी आले होते. बायका पदर तोंडाला लावून तयार. आणि अव्वा आतल्या खोलीतून बाहेर आली. कपाळाला विभूती, खाली ठसठशीत कुंकू आणि अंगावर ती हिरवी इरकल.

दोड्डव्वा किंचाळली. "शांता! सोड ते आदी, अपशकुन हाय!"

"का? माझ्यासाटीच आणलीयास न्हवं? मेल्यावर नेसवली असतीसा, मग मला कशी दिसती ते मला कळलं असतं का?" अव्वानं पदर नीट केला. "रंग झ्याक हाय आक्का. तुझी निवड चांगली हाय." मग ती पायरीवर उभी राहिली आणि गल्लीकडे तोंड केलं. "ऐका समदी. मला छातीचा कॅन्सर झालाय. तसलं न्हाय, कॅन्सर. मिरजंला जाऊन ती छाती काढून टाकणार हाय मी. ज्याला रडायचं हाय त्यानं आपापल्या घरात जाऊन रडा. माझ्या दारात न्हाय."

तो शब्द आमच्या गल्लीत मोठ्यानं कुणी उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. आकाश कोसळलं नाही. दूधवाल्यानं सायकल थांबवली होती, ती पुन्हा चालू लागली. अण्णा खाली बघत होता. अव्वानं जाता जाता त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि गाडीत बसली.

पुढचं सोपं नव्हतं. केस गेले, उलट्यांनी जीव मेटाकुटीला आला, आणि त्या काळात तिनं मला इतक्या शिव्या दिल्या की माझा अभ्यास पूर्ण झाला. पण प्रत्येक वेळी सलाईन लावायच्या आधी ती नर्सला विचारायची, "ह्यात काय हाय? कशासाटी?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय हात पुढे करायची नाही. एका दुपारी झुंबरबाई मागच्या दारानं आल्या. त्या दिवशी त्यांनी एकाही मेलेल्या बाईची गोष्ट सांगितली नाही. अव्वाचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि विचारलं, "शांताबाई, तुमाला आशीच लागली हुती का?" अव्वानं दुसऱ्याच दिवशी त्यांना तपासायला नेलं. त्यांची गाठ साधी निघाली, खरोखरची साधी.

प्रबंधात मी लिहिलं की किती लोक भेटायला येतात हे विचारून आधार मोजता येत नाही. आलेल्यांना बाहेर जा म्हणायची आजाऱ्याला मुभा आहे का, ते विचारा. सर म्हणाले, घरचं उदाहरण शास्त्रात चालत नाही, काढून टाका. मी काढलं नाही. मार्क कमी पडले. पडू देत.

दोन हजार पाच साली संकेश्वरहून दोड्डव्वाच्या मुलाचा, सोमेशचा फोन आला. दोड्डव्वाच्या पोटात गाठ होती. "मावशीला घेऊन ये, दानक्का. पण तिला सांग, आईसमोर काही बोलायचं नाही. आईला आम्ही अल्सर सांगितलाय."

मी अव्वाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती उठली, ट्रंक उघडली आणि धुऊन धुऊन मऊ झालेली हिरवी इरकल काढली.

"अव्वा, आजारी माणसाकडं ही नेसून?"

"तिला वळख पटू दे," ती म्हणाली.

दोड्डव्वाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉटभोवती बायका, कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग. दोड्डव्वा भिंतीकडे तोंड करून पडली होती. अव्वा कॉटवर टेकली तशी ती वळली. तिची नजर पदरावर गेली आणि काठावरून फिरत राहिली. "शांता, ही तीच न्हवं?"

"तीच. अजून फाटली न्हाय." अव्वानं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मागे वळून म्हणाली, "साकु! पुरे झालं. समदी भाईर व्हा."

सोमेश आडवा आला. "मावशी, आईला काही..." अव्वानं त्याला मनगट धरून बाहेर काढलं, बायकांना मागोमाग हाकललं आणि आतून कडी घातली.

सोमेश माझ्याकडे वळला. त्याचे डोळे तसेच भरले होते, जसे अण्णाचे भरले होते. "दानक्का, तू शिकलेली आहेस. तू तरी सांग तिला. आईनं धीर सोडला तर?" त्याच्यामागे त्याचे काका, मेव्हणे सगळे दाराकडे सरकत होते.

ओसरीत एकच खुर्ची होती, तिच्यावर मोसंब्यांची पिशवी. मी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढून दाराला लावली आणि बसले.